बदकासोबतचा संत्र्याचा सॉस: आधी साखर, मग संत्रं

रोस्ट बदकासोबत संत्र्याचा सॉस करायचा म्हटलं की हात आधी संत्री पिळायलाच जातो, माझाही जायचा. रस, साखर, थोडं कॉर्नफ्लोअर, उकळी आली की झालं. दिसायला मस्त चमकदार, पण बदकाबरोबर खाल्ला की जॅम खाल्ल्यासारखा लागायचा आणि तिसऱ्या घासाला तोंडाला मिठी बसायची. बदक मुळात चरबीचं, त्यावर अजून गोड ओतून कसं चालेल, त्याला आंबट आणि किंचित कडू काहीतरी हवं असतं. या सॉसचं जुनं फ्रेंच रूप बिगाराद म्हणजे कडू संत्र्यांचंच आहे, ज्यांचा मार्मलेड करतात ती सेव्हिल संत्री. ती मिळाली तर प्रश्नच नाही, पण आपण घेतो ती गोड संत्री, मग तो कडूआंबटपणा दुसरीकडून आणावा लागतो.

तो येतो जळत्या साखरेतून. फ्रेंचमध्ये याला गास्त्रीक म्हणतात, म्हणजे कॅरॅमल करून त्यात व्हिनेगर. एका बदकाला मी ५० ग्रॅम साखर घेते, जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे पाणी घालून मध्यम आचेवर ठेवते आणि चमचा अजिबात घालत नाही, नाहीतर साखरेचे खडे होतात, फक्त पातेलं हलवायचं. आधी कडेने पिवळं होतं, मग मधासारखं, इथे थांबायचा मोह होतो पण थांबायचं नाही. रंग गडद तांबूस झाला, पहिला बारीक धूर दिसला आणि वासात गोडापेक्षा खरपूसपणा जास्त यायला लागला की लगेच ६० मिली व्हिनेगर. पातेलं आचेवरून खाली घेऊन आणि तोंड लांब ठेवून घाला, कारण जी वाफ येते ती थेट नाकात जाते आणि डोळ्यांतून पाणी काढते. साखर एकदम दगडासारखी घट्ट होते, घाबरू नका, परत मंद आचेवर ठेवली की दोन मिनिटांत विरघळते. हेच दोन मिनिटांचं काम अख्ख्या सॉसची चव ठरवतं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

मग चार संत्र्यांचा रस आणि साधारण ४०० मिली स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून गाळलेलं पाणी. स्टॉक बदकाची मान, पंख आणि आतले तुकडे खमंग भाजून केलेला असला तर फारच छान, नाहीतर चिकनचा चालतो पण बिनमिठाचा घ्या, कारण हे सगळं आटून निम्म्याहून कमी होणार आणि मीठ तेवढंच राहणार. मी मीठ अगदी शेवटी घालते.

सॉस आटतोय तोवर साल. पीलरने फक्त नारिंगी भाग काढायचा, आतला पांढरा चिकटलाच तर सुरीने खरवडून टाकायचा, कारण त्याचा कडूपणा कॅरॅमलच्या कडूपणासारखा नाही, तो जिभेच्या मागे राहतो. काडेपेटीतल्या काडीएवढे बारीक तुकडे करून उकळत्या पाण्यात मिनिटभर, पाणी फेकून परत एकदा तसंच. आता साल मऊ होते पण वास जात नाही.

बदक ओव्हनमधून काढलं की ट्रेमधली चरबी गाळून बाजूला ठेवा (बटाटे भाजायला यासारखं काही नाही) आणि तळाला जे तपकिरी चिकटलेलं असतं ते थोड्या स्टॉकने सोडवून सॉसमध्ये घाला. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की आच बंद. अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, आणि ३० ग्रॅम फ्रिजमधलं थंड बटर तुकडे करून एकेक घालत हलवायचं. बटर घातल्यावर उकळी आणू नका, सॉस फुटतो. कॉर्नफ्लोअर मी आता घालतच नाही, आटवलेला सॉस ओठाला जसा हलका चिकटतो तसा पिठाने होत नाही.

आणि एक, सॉस बदकावर ओतू नका. तासन्‌तास मंद भाजून, टोचून टोचून चरबी काढून ती कातडी कुरकुरीत केलेली असते, सॉसखाली ती पाच मिनिटांत मऊ पडते. कापलेले तुकडे मांडा, शेजारी थोडा सॉस, वर सालीच्या काड्या, आणि बाकीचा वाटीत गरम गरम टेबलावर.