जिवाणू खत गव्हाला लावलं: पहिल्या वर्षी फसलं, दुसऱ्या वर्षी जमलं

डीएपी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत) टाकतो पण पिकाला लागतो किती, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. टाकलेल्या स्फुरदातलं त्या हंगामात पिकाला साधारण १० ते २५ टक्केच मिळतं, बाकीचं मातीत कॅल्शियम नाहीतर लोहाबरोबर बांधून बसतं, म्हणजे जमिनीत साठा भरपूर आणि गहू मात्र उपाशी. म्हणून स्फुरद विरघळवणारे जिवाणू म्हणजे पीएसबी आणि सोबत ॲझोटोबॅक्टर, म्हणजे हवेतलं नत्र धरणारे जिवाणू, वापरायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी काडीचा फरक दिसला नाही. दिसणार कसा, मी बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले, बियाणं कडक उन्हात वाळवलं आणि वर डीएपीत मिसळून पेरलं, म्हणजे पेरायच्या आधीच बहुतेक मेलेले असणार. दोष मात्र पाकिटाला दिला.

दुसऱ्या वर्षी नीट केलं. बुरशीनाशक आधी लावून सुकू दिलं, जिवाणू सगळ्यात शेवटी. १० किलो बियाण्याला दोन्हीचं २५०-२५० ग्रॅम, गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, हलक्या हाताने चोळलं म्हणजे बियाण्याची साल निघत नाही, मग सावलीत गोणपाटावर पसरलं आणि त्याच दिवशी वापशावर (पेरणीजोगी ओल असताना) पेरलं, खत वेगळ्या नळीतून. सहा तासं (पेरणीच्या ओळी) मुद्दाम जिवाणू न लावता सोडली. हे प्रत्येकाने करावंच, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही.

पंचविसाव्या दिवशी दोन्हीकडची रोपं खुरप्याने मुळासकट काढली आणि बादलीत हलवली. न लावलेल्याची मुळं लगेच स्वच्छ झाली. लावलेल्याच्या मुळांना मात्र माती मोज्यासारखी चिकटून, बोटाने सोडवावी लागली, आणि खाली बारीक पांढऱ्या मुळ्यांचं दाट जाळं! तेव्हा मला खरं कळलं. गव्हाला हरभऱ्यासारख्या गाठी येत नाहीत, त्यामुळे ॲझोटोबॅक्टर युरियाची जागा घेतील असं समजू नका, पण ते मूळ वाढवणारी संप्रेरकं सोडतात, मूळ जास्त पसरलं की टाकलेलं नत्र खाली वाहून जायच्या आत उचललं जातं. पीएसबीचं काम वेगळं, ते सेंद्रिय आम्लं सोडून बांधलेलं स्फुरद मोकळं करतात.

अर्ध्या भागात युरिया पाव हिस्सा कमी केला तरी पानं पिवळी पडली नाहीत, फुटवेही बरोबरीने आले. वरच्या अंगाला हे सगळं छान, पण खालच्या चोपण (सोडियम जास्त असलेल्या) पट्ट्यात लावलेलं आणि न लावलेलं सारखंच दिसलं. तिथे सेंद्रिय कर्बच नाही, जिवाणू जगणार कशावर? आता त्या पट्ट्यात कुजलेलं शेणखत टाकतोय, पुढच्या पेरणीला तिथेही सहा तासं मोकळी सोडणार आहे.