न्यू हेवनचं खरबरीत काँक्रीट: पॉल रूडॉल्फ यांच्या तीन इमारती, पायी

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून मेट्रो-नॉर्थची लोकल गाडी धरली की दोनेक तासांत न्यू हेवन, येल विद्यापीठाचं गाव. स्टेशनवरून रमतगमत अर्ध्या तासात यॉर्क आणि चॅपल रस्त्यांचा कोपरा येतो. यॉर्कच्या एका अंगाला वास्तुकार लुई कान यांची येल आर्ट गॅलरी, दुसऱ्या अंगाला वास्तुकार पॉल रूडॉल्फ यांची आर्ट अँड आर्किटेक्चर बिल्डिंग. बहुतेक जण कानसाठी येतात आणि जाता जाता इकडे नजर टाकतात. मी म्हणेन, आधी इकडे या, तेही उन्हात. ढगाळ दिवशी ही इमारत नुसती करडी दिसते. सकाळचं तिरपं ऊन यॉर्ककडच्या भिंतीवर पडलं की तिच्या उभ्या धारा एकेक करून सुट्या दिसू लागतात.

या धारा कशा काढल्या, ते एक हात अंतरावरून कळतं. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, आतल्या बाजूला लाकडी पट्ट्या उभ्या ठोकल्या होत्या, मागे रुंद आणि पुढे निमुळत्या. निमुळत्या का, तर साचा काढताना काँक्रीट धरून ठेवत नाही. साचा निघाल्यावर भिंतीवर उभे कंगोरे राहिले. मग कामगारांनी हातोड्याने त्या कंगोऱ्यांच्या कडा फोडल्या, हाताने, सगळ्या इमारतभर. वरची सिमेंटची साय गेली आणि आतली खडी उघडी पडली. पाथरवटाचंच काम, फक्त दगड आधी ओतून घेतलेला.

हौस म्हणून हे केलेलं नाही. गुळगुळीत काँक्रीटवर पावसाचे ओघळ वेडेवाकडे उतरतात आणि भिंत दोन-चार वर्षांत कळकट होते. इथे पाणी खोबणीतून सरळ खाली जातं. डाग पडतात, पण कंगोऱ्यांच्या रांगेत मुरून जातात. दोन ओतींमधला सांधाही झाकला जातो. तोटा एवढाच की मजुरी प्रचंड, आणि टेकून उभं राहिलात तर सदऱ्याचा धागा निघालाच म्हणून समजा.

रूडॉल्फ १९१८ साली केंटकीत जन्मले, अलाबामात शिकले, मग हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेचे एक अग्रणी वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली. फ्लोरिडातल्या सारासोटात हलकीफुलकी, पातळ छपरांची घरं बांधून नाव कमावलं आणि १९५८ साली येलच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख झाले. म्हणजे ही इमारत प्रमुखानेच आपल्या विभागासाठी बांधली. वास्तुकाराला यापेक्षा अवघड गिऱ्हाईक मिळणं कठीण.

आत वर्गांच्या मजल्यांवर ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत. प्रदर्शनाचं दालन उघडं असेल तर तिथवर जाता येतं, वेळा आधी पाहून घ्या. बाहेरून मजले मोजाल तर फसाल: आत ३७ वेगवेगळ्या पातळ्या आहेत. मधला मोठा आरेखन-वर्ग मिनर्व्हा या रोमन विद्यादेवीच्या पुतळ्याच्या नजरेखाली, खाली लालभडक नारिंगी गालिचा. वास्तुकलेच्या मुलांची चंगळ झाली. चित्रकारांना वर ठेंगण्या खोल्या आणि शिल्पकारांना तळघर मिळालं, आणि दोघेही नाराज राहिले. माझ्या मते रास्तच. १९६३ च्या उद्घाटनालाच वास्तुकलेचे इतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर यांनी भाषणात टीकेचा सूर लावला. जून १९६९ मध्ये आग लागली, कारण कधीच सिद्ध झालं नाही. नंतरच्या डागडुजीत पार्टिशनं आणि पोटमाळे घालून मूळ उंच जागा चिरफाळली. २००८ साली वास्तुकार चार्ल्स ग्वाथमी यांनी ती पुन्हा मोकळी केली, तेव्हापासून तिचं नाव रूडॉल्फ हॉल. ग्वाथमी रूडॉल्फ यांचेच विद्यार्थी. नॉर्मन फॉस्टर आणि रिचर्ड रॉजर्सही याच विभागातले, पण ते पुढे पोलाद-काचेकडे वळले. आपली शैली विद्यार्थ्यांवर न लादणारा मास्तर म्हणून मला रूडॉल्फ त्यांच्या भिंतींपेक्षा मोठे वाटतात.

तिथून टेंपल स्ट्रीटचं पार्किंग गॅरेज चालत गाठा. इथे हातोडा नाही, नुसत्या फळ्यांचे ठसे. जोडीने उभे खांब वर जाताना फाकत मजल्यांच्या कडांना मिळतात. आराखडा याहून लांब होता, महामार्गावरून पलीकडे जाणारा. तेवढं बांधलं गेलं नाही.

शेवटी पार्क स्ट्रीटवरचं क्रॉफर्ड मॅनर, १९६६ चं, वृद्धांसाठीची घरं. लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच पाहा. पुन्हा तेच खरबरीत कंगोरे, पण आता हाताने फोडलेले नाहीत: काँक्रीटचा ठोकळाच कंगोरेदार बनवून घेतला आणि गवंड्याने विटांसारखा रचला. जवळ गेलात की ठोकळ्यांमधले आडवे सांधे दिसतात. येलच्या भिंतीत ते शोधून सापडणार नाहीत. याच इमारतीला १९७२ साली रॉबर्ट व्हेंटुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर या वास्तुकारांनी नको त्या वीरश्रीचा नमुना म्हणून झोडपलं. तोवर रूडॉल्फ येल सोडून न्यूयॉर्कला गेले होते.