तुम्ही विचारलंत म्हणून: बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची मॅच सोडून त्याआधीच्या स्पर्धा का बघत बसते?

हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता एकदा लिहूनच टाकते. साधारण असा असतो, की अगं मेन मॅच आहे ना, जगज्जेता विरुद्ध आव्हानवीर, ती बघ की, हे कँडिडेट्स, ग्रँड स्विस, वर्ल्ड कप असलं सगळं रात्री जागून कशाला? शेवटी जिंकणार एकच.

शेवटी जिंकणार एकच, म्हणूनच तर बघते. मॅचमध्ये हरणाराही जगातला दुसरा म्हणून मिरवतो. कँडिडेट्समध्ये आठ जण असतात, प्रत्येकाशी दोनदा, एकूण १४ राऊंड, पहिला येईल तो जगज्जेत्याशी खेळणार आणि बाकीचे सात आपापल्या घरी. दुसरा आणि आठवा यांच्यात बक्षिसाची रक्कम सोडली तर फरक जवळजवळ शून्य. त्यामुळे एरवी वीस-बावीस चालींत ड्रॉ करून हॉटेलवर जाणारी माणसं इथे शेवटच्या तीन-चार राऊंडमध्ये काहीच्या काही खेळायला लागतात, कारण (डाव जिंकला की एक पॉइंट, ड्रॉला अर्धा) अर्धा पॉइंट मागे काय आणि तीन पॉइंट मागे काय, सारखंच. दुसऱ्या कुठल्याच स्पर्धेत हे इतकं होत नाही.

टोरोंटो, एप्रिल २०२४ घ्या. शेवटच्या राऊंडच्या आधी गुकेश ८.५ वर, आणि नाकामुरा, नेपोम्नियाची, कारुआना तिघंही ८ वर. गुकेश काळ्या मोहऱ्यांनी नाकामुराशी, कारुआना पांढऱ्यांनी नेपोशी. म्हणजे चौघंही आपापसातच! गुकेशने ड्रॉ केला, ९ झाले, पण तरी संपलं नाही, कारण पलीकडच्या पटावर जो जिंकेल तो त्याला गाठणार आणि मग टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायचे जादा डाव. आणि कारुआना जिंकत होता. खरंच जिंकत होता, इंजिन (म्हणजे डाव तपासणारा कॉम्प्युटर) ओरडून सांगत होतं. पण घड्याळात वेळ नाही, समोर नेपो एकेक चिवट चाल शोधतोय, जिंकणारी चाल येते आणि जाते, परत येते परत जाते, आणि १०९ चालींनंतर ड्रॉ. दोघांनाही काही उपयोग नसलेला ड्रॉ! डाव संपल्यावर नेपो त्याला सॉरी म्हणाला आणि कारुआना म्हणाला की चूक माझीच. त्या वेळी गुकेश आपला ट्रेनर गायेव्हस्कीबरोबर बाहेर फिरायला गेला होता, स्क्रीनसमोर बसणं नको म्हणून. १७ वर्षांचा पोरगा कँडिडेट्स जिंकला तो असा चालता चालता, दुसऱ्यांच्या डावावर. सिंगापूरची जगज्जेतेपदाची मॅचही मी बघितली, त्यातली डिंग लिरेनची शेवटची चूक विसरणं शक्य नाही, पण मला विचाराल तर गुकेशची खरी गोष्ट टोरोंटोतल्या सातव्या राऊंडला आहे. टाइम ट्रबलमध्ये फिरूझाविरुद्ध चांगला डाव हातातून गेला, मात खाल्ली. त्या स्पर्धेत पहिल्या ४० चालींपर्यंत प्रत्येक चालीला मिळणारे जादा सेकंद नव्हते, काटा नुसता खाली जात राहतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यानंतर तो एकही डाव हरला नाही. मॅचमध्ये एक हार एका माणसाविरुद्ध असते, इथे हरून उठलात की पुढे वेगळाच माणूस, वेगळी तयारी, आणि बाकीचे सगळे तुमच्या जखमेचा वास घेत बसलेले.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांचं सगळं संपलंय ती माणसं. ही मंडळी मला फार आवडतात. लंडनच्या २०१३ च्या कँडिडेट्समध्ये इव्हानचुक पाच डाव नुसते वेळ संपली म्हणून हरला, म्हणजे पोझिशन असो नसो, झेंडा पडला. टेबलात खाली. आणि त्याच माणसाने बाराव्या राऊंडला कार्लसनला हरवलं, शेवटच्या राऊंडला क्रामनिकला हरवलं. त्या शेवटच्या दिवशी कार्लसनही हरला, स्विडलरकडून, म्हणजे पहिल्या दोघांचाही एकाच संध्याकाळी निकाल लागला. दोघं ८.५ वर, आपसातले डाव ड्रॉ, मग कोणाचे विजय जास्त ते बघितलं, कार्लसनचे पाच, क्रामनिकचे चार. झालं. पुढची दहा वर्षं जगज्जेता राहिलेला माणूस शेवटचा डाव हरून आणि एका जादा विजयावर आत गेला, तेही दुसरा हरला म्हणून! आता अशी बरोबरी झाली तर रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या डावांचा टायब्रेक होतो, ते जास्त न्याय्य आहे हे मान्य, पण ती संध्याकाळ काही औरच.

बरं, कँडिडेट्सपर्यंत पोचायचे रस्तेही एकसारखे नाहीत, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत. वर्ल्ड कप नॉकआऊट असतो, दोन क्लासिकल (तासन्तास चालणारे) डाव, बरोबरी झाली की रॅपिड, मग त्याहून झटपट ब्लिट्झ. तिथे पहिल्या तिघांना कँडिडेट्सचं तिकीट असतं. आता विचार करा, सेमीफायनल जिंकलेले दोघं आत गेलेले आहेत, म्हणजे त्यांची फायनल मानाची आणि पैशाची. आणि सेमी हरलेले दोघं तिसऱ्या जागेसाठी खेळतात, ज्या मॅचकडे बाकीच्या खेळांमध्ये कोणी ढुंकून बघत नाही, इथे तीच जीवघेणी. २०२५ मध्ये गोव्याला सिंदारोव्ह आणि वेई यी फायनल खेळत होते, पण तिकिटासाठीची मारामारी एसिपेंको आणि याकुबोएव्हची होती, एसिपेंको गेला. मी ती बघत होते.

ग्रँड स्विस अजून वेगळी, ११ राऊंड, दोनच जागा, आणि समोर कोण येईल सांगता येत नाही. विदित गुजराथी २०२३ मध्ये पहिलाच राऊंड हरला, अशा वेळी लोक मनातल्या मनात बॅग भरतात, आणि त्याने उरलेल्या दहात ८.५ काढून स्पर्धाच जिंकली. त्याच वेळी तिथेच वैशाली महिलांची जिंकली, आणि २०२५ ला समरकंदला परत जिंकली. परत!

महिलांचं वेगळं बघत नाही, एकत्रच बघते. दिव्या देशमुख २०२५ च्या महिला वर्ल्ड कपला बातुमीत १५ वं सीडिंग घेऊन, ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी एखाद्या स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नसताना गेली, वाटेत झू जिनर, हरिका, तान झोंगयी, आणि फायनलला हम्पी, तीही टायब्रेकमध्ये. कँडिडेट्सची जागा आणि ग्रँडमास्टर किताब एका फटक्यात. नॉर्मसाठी लोक वर्षानुवर्षं ओपन स्पर्धा खेळत फिरतात हे माहीत असेल तर त्या फटक्याची किंमत कळते.

आणि उलट बाजूला अर्जुन एरिगैसी. डिसेंबर २०२४ च्या यादीत २८०१ रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा), या पातळीला पोचलेली माणसं जगात मोजकी आहेत, पण २०२४ ची कँडिडेट्स हुकली आणि २०२६ ची पण हुकली. गोव्यात क्वार्टर फायनलला वेई यीकडे टायब्रेकमध्ये गेला. यात अन्याय वगैरे काही नाही, पण एका खराब दुपारीने दोन वर्षं जातात, हे मॅच बघणाऱ्यांना कधी दिसतच नाही.

रेटिंगच्या जागेबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. सगळ्यात वरचं रेटिंग असलेल्याला कँडिडेट्सची एक जागा, ऐकायला ठीक, पण दर वेळी त्यातून तमाशा निघतो. २०२३ च्या डिसेंबरात फिरूझाचं रेटिंग वाढावं म्हणून घाईघाईने मॅचेस ठेवल्या गेल्या, फिडेने (बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने) त्या धरल्या नाहीत, मग तो एक ओपन खेळला आणि वेस्ली सोच्या पुढे गेला. त्याच महिन्यात चेन्नईतही ऐनवेळी स्पर्धा भरवली गेली, तिथे गुकेश जिंकला आणि सर्किटच्या, म्हणजे वर्षभरातल्या स्पर्धांच्या पॉइंट्समधून कँडिडेट्सला गेला, म्हणजे आपल्याला ती गोड लागली एवढंच. पुढच्या खेपेला किमान डावांची अट होती, तर नाकामुरा अमेरिकेतल्या छोट्या स्पर्धांमध्ये हौशी खेळाडूंशी खेळून डाव भरत बसला. नियमात बसतं, पण बघवत नाही.

"दुसरा नंबर म्हणजे शून्य" याला एकच मोठा अपवाद माझ्या बघण्यात आहे. माद्रिदची २०२२ ची कँडिडेट्स. डिंग लिरेनचं रेटिंग होतं, पण साथीच्या काळात डाव पुरेसे झाले नव्हते. कार्याकिनवर बंदी आली, जागा मोकळी झाली, आणि डिंगसाठी चीनमध्ये धडाधड स्पर्धा घेऊन महिन्याभरात डाव भरले (हो, तेच जे वर मला बघवत नव्हतं). माद्रिदला नेपो ९.५ करून आरामात पहिला. शेवटच्या राऊंडला नाकामुराला दुसरं यायला ड्रॉ पुरत होता, डिंगने त्याला हरवलं. आणि दोनेक आठवड्यांत कार्लसन म्हणाला मी खेळत नाही. दुसरा आलेला डिंग मॅचला गेला आणि २०२३ मध्ये अस्तानाला जगज्जेता झाला.

आता दुसरा प्रश्न, की बघायचं तर सुरुवात कुठून करू. पहिल्या राऊंडपासून बघू नका, कंटाळाल. आठव्या-नवव्या राऊंडला या, टेबल उघडा, कोणाला कोणाशी कुठल्या मोहऱ्यांनी खेळायचं उरलंय ते बघा, आणि इंजिनचा तो वरखाली होणारा बार शक्य तेवढा झाका. एक गंमत तेवढी लक्षात ठेवा, एकाच देशाचे खेळाडू स्पर्धेच्या दोन्ही अर्ध्या भागांत एकमेकांशी सुरुवातीलाच खेळून मोकळे होतात. टोरोंटोला गुकेश-विदित पहिल्याच राऊंडला, प्रज्ञानंद-गुकेश दुसऱ्या, विदित-प्रज्ञानंद तिसऱ्या. यामागे १९६२ ची कुरासावची कँडिडेट्स आहे. तिथे पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंनी आपसातले सगळे डाव ड्रॉ केले, फिशरने जाहीर बोंब मारली, आणि पुढची बरीच वर्षं कँडिडेट्स राऊंड रॉबिन (प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायची) न ठेवता नॉकआऊट मॅचेसची झाली. २०१३ पासून राऊंड रॉबिन परत आली ती ही खबरदारी घेऊनच. त्यामुळे पहिल्या तीन राऊंडला देशबांधवांचे डाव दिसले की ड्रॉ होणारच असं धरून झोपायला जाऊ नका, टोरोंटोला तिसऱ्या राऊंडला प्रज्ञानंदने विदितला हरवलं होतं.