देवमासा माशांच्या प्रकरणात

दादरमधील आमच्या वाचनालयाच्या बालविभागासाठी पुस्तके निवडण्याचे काम आज होते आणि दिवसभरात बारा पुस्तके अथपासून इतिपर्यंत वाचून झाली.

माहितीपर पुस्तक हाती आले की जिथे हमखास चुका होतात, ती पाने मी आधी उघडते. एका देखण्या, गुळगुळीत कागदाच्या पुस्तकात देवमासा चक्क माशांच्या प्रकरणात सापडला. आपल्या भाषेतले नावच मुलांना चकवणारे आहे, म्हणून तर तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो, हे तिथे ठळकपणे सांगायला हवे होते. त्यातच ग्रहही नऊ दिले होते. प्लूटोला बटुग्रह ठरवले गेले ते २००६ मध्ये. याउलट रोहित पक्ष्यांवरचे एक साधेसे पुस्तक मला मनापासून आवडले, कारण ठाण्याच्या खाडीत त्यांना मिळणाऱ्या खाद्यातील रंगद्रव्यांमुळे त्यांची पिसे गुलाबी होतात, हे त्यात चित्राशेजारीच दोन सोप्या वाक्यांत सांगितले आहे.

गोष्टी मात्र मी मोठ्याने वाचूनच पारखते. ‘आई, मला क्षुधा लागली आहे’ असे सहा वर्षांचे मूल बोलत नाही आणि नुकते वाचायला लागलेले मूल तर ‘क्षु’पाशीच अडखळते. लोकलमध्ये हरवलेल्या छत्रीची एक गोष्ट तेवढी शेजारच्या दुसरीतल्या मुलीला वाचून दाखवली. शेवटी तात्पर्य नव्हते, छत्रीही सापडली नव्हती. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “मावशी, परत पहिल्यापासून वाच ना.”