शून्यापासून लिनक्स: माझे सोळा दिवस

मे महिन्यात सोळा दिवस लावून एलएफएस, म्हणजे लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, पूर्ण केलं. जेरार्ड बीकमन्स यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात हाती मिळतं ते एक पुस्तक, तेही मोफत. ते उघडून बसायचं आणि एकेक पॅकेज सोर्सकोडमधून कंपाइल करत (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवत) स्वतःचं लिनक्स उभं करायचं.

लॅपटॉपवर 30 जीबीचं वेगळं पार्टिशन काढलं. होस्ट, म्हणजे जिच्यावर बसून हे सगळं बांधायचं ती आधीची सिस्टिम, उबंटू लिनक्स. तिथे एसएच, म्हणजे आज्ञा चालवणारा शेल, डॅश असतो आणि पुस्तकाला बॅश हा दुसरा शेल हवा असतो. पुस्तकातली आवृत्त्या तपासणारी स्क्रिप्ट हे लगेच दाखवते, तेव्हा ती चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिवाय नवं टर्मिनल उघडलं की दरवेळी एलएफएस हा व्हेरिएबल (नव्या पार्टिशनची जागा त्यात लिहिलेली असते) इको करून, म्हणजे छापून, बघा. तो रिकामा असला आणि तुम्ही रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) असलात, तर फाइली थेट होस्टवर जाऊन बसतात.

पुस्तक वेळ मिनिटांत सांगत नाही, एसबीयूमध्ये सांगतं. बिनयुटिल्स या पहिल्याच पॅकेजच्या (लिंकर, असेंबलर वगैरे साधनं) पहिल्या बिल्डला तुमच्या मशीनवर जेवढा वेळ लागेल तो एक एसबीयू. माझ्याकडे तो तीन मिनिटांचा निघाला आणि पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर बसवता आलं. शेवटच्या जीसीसीच्या, म्हणजे कंपाइलरच्या, चाचण्या रात्री लावून झोपलो. जीलिबसीच्या (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ सी लायब्ररी) चाचण्या मात्र कितीही कंटाळा आला तरी टाळू नका. त्यानंतर दोन ओळींचा प्रोग्राम कंपाइल करून तो नव्या सिस्टिमचाच लोडर (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा) मागतोय ना, हे रीडएल्फ या आज्ञेने बघायचं असतं. इथे चूक राहिली तर पुढची पन्नास-साठ पॅकेजेस वाया जातात. आणखी एक: मध्येच मशीन रीबूट केलंत तर क्रूटमध्ये, म्हणजे नव्या पार्टिशनलाच मूळ मानून काम करायच्या वातावरणात, शिरण्याआधी डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन या आभासी फाइलसिस्टिम पुन्हा माउंट करा.

खरा मुक्काम पडला तो कर्नलपाशी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यापाशी. पहिल्या बूटला स्क्रीनवर ओळ आली: ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’, म्हणजे मूळ फाइलसिस्टिम जोडता येत नाही. दोन दिवस ग्रबची (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) फाइल तपासत राहिलो, ती बरोबरच होती. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत, एनव्हीएमईच्या (माझ्या डिस्कचा प्रकार) ड्रायव्हरसमोर मी ‘एम’ दिला होता, म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या आत न राहता वेगळं मॉड्यूल झाला. मॉड्यूल डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तेच मॉड्यूल हवं! एरवी ही अडचण इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना मेमरीत चढणारा छोटा फाइलसंच, सोडवतो. पुस्तकातल्या मूळ मार्गात तो नसतो. म्हणून डिस्कचा ड्रायव्हर आणि रूटची फाइलसिस्टिम, दोन्हींसमोर ‘वाय’ (कर्नलमध्येच सामील) हवा. होस्टवर एलएसपीसीआय (हार्डवेअरची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून कुठल्या हार्डवेअरला कुठला ड्रायव्हर लागतो हे आधीच लिहून ठेवा. माझे दोन दिवस त्यानेच वाचले असते.

जीलिबसी बसवताना पुस्तक जी मोजकी लोकेल्स (भाषा-प्रदेशाच्या सेटिंग्ज) तयार करायला सांगतं, त्यांत मराठी नाही. सोर्समध्ये मात्र ते असतं. लोकेल तयार करणाऱ्या लोकेलडेफ या आज्ञेची एक ओळ आपण वाढवायची. साध्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही, त्यामुळे मी बीएलएफएसच्या (एलएफएसनंतरचं पुढचं) पुस्तकातून ओपनएसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून आत शिरायची सोय, बांधलं आणि दुसऱ्या लॅपटॉपवरून आत शिरलो. लोकेल मराठी करून डेट विचारली, फक्त वार. उत्तर आलं: शनिवार. मी आईला हाक मारून ते दाखवलं.