पन्नास माइकांची अट

अमेरिकेत छोट्या थिएटरात वायरलेस माइक वापरायला लायसन्स लागतं का, याचं सरळ उत्तर मिळवताना माझा जीव मेटाकुटीला आला. म्हणून आधीच सांगते: लागत नाही. आणि हवं असलं तरी बहुधा मिळत नाही.

आमचे कॉलर माइक ज्याच्याकडून घेतले, तो छातीठोकपणे म्हणाला, "लायसन्स काढून टाका, कटकट नको." एफसीसी, म्हणजे रेडिओ लहरींचं नियमन करणारी अमेरिकेची सरकारी संस्था, तिच्या नियमांच्या भाग ७४ मध्ये तशी सोय आहे आणि तिचा मोह पडतोच. विनालायसन्स ५० ऐवजी २५० मिलिवॉट पॉवर मिळते. शिवाय प्रयोगाची वेळ डेटाबेसात नोंदवली, की माइकांसारखीच रिकाम्या टीव्ही चॅनेलांवर चालणारी इंटरनेटची उपकरणं तेवढा वेळ तिथून हटतात. लायसन्सच्या अर्जाचा फॉर्म ६०१ उघडला आणि पात्रतेपाशी अडकले. टीव्ही-रेडिओ स्टेशनं, चित्रपट निर्माते यांना लायसन्स मिळतं. २०१४ मध्ये मोठी नाट्यगृहं आणि साउंड कंपन्याही आल्या, पण नेहमीच्या वापरात ५० किंवा जास्त उपकरणं असतील तरच. विंगेतल्या इंटरकॉमचे वायरलेस हेडसेटसुद्धा मोजून झाले. पन्नास? आमच्या रंगमंचावर तेवढी माणसं मावत नाहीत! विक्रेत्याला पुन्हा फोन केला, तर "बाकीचे काढतात की" एवढंच. कोण बाकीचे, ते काही सांगेना. बरं, पन्नास माइकवाल्यांकडे फ्रिक्वेन्सी सांभाळायला पगारी माणूस असतो. संरक्षणाची गरज कुणाला जास्त?

शेवटी त्याच नियमांच्या भाग १५ खाली, विनालायसन्सच सुरू केलं. ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झमधलं आपल्या भागातलं रिकामं टीव्ही चॅनेल शोधायचं, पॉवर ५० मिलिवॉटच्या आत ठेवायची, झालं. मोठा संगीत प्रयोग असेल तर लायसन्स असलेली साउंड कंपनी भाड्याने बोलवा.

सेकंडहँड सेट घेताना रिसीव्हरच्या मागे लिहिलेली फ्रिक्वेन्सी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ७०० मेगाहर्ट्झचे माइक वापरायला २०१० पासून बंदी आहे. ६०० चा बहुतेक पट्टा १३ जुलै २०२० पासून मोबाइल कंपन्यांचा आहे. त्यात विनालायसन्स माइकांना ६१४-६१६ आणि ६५७-६६३ एवढ्याच फटी उरल्यात, त्याही २० मिलिवॉटवर.

हो, आणि फ्रिक्वेन्सी समान अंतरावर लावू नका. ५०० आणि ५०१ वर दोन माइक चालू असले, की त्यांची भेसळ ५०२ वर उमटते आणि तिसरा माइक खरखरतो. आकडे फ्रिक्वेन्सी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून काढून घ्या. रिकाम्या फ्रिक्वेन्सी शोधायला स्कॅन करताना आपले सगळे ट्रान्समीटर बंद हवेत. विनालायसन्स माणसाला तक्रारीचा हक्क नाही, त्यामुळे दोन जादा फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून मिक्सरला चिकटवून ठेवा.