इंग्लंडमध्ये स्वतःच्या रानातला स्प्रूस (सूचिपर्णी वृक्ष) तोडून विकताना

सातबारा आपला, झाडं आपली, मग परवानगी कशाला, हा प्रश्न इंग्लंडमध्ये जमीन घेणाऱ्यालाही पडतो. पण १९६७च्या फॉरेस्ट्री ॲक्टनुसार उभं झाड पाडायला फॉरेस्ट्री कमिशन या सरकारी वनखात्याचं फेलिंग लायसन्स, म्हणजे झाडतोडीचा परवाना, लागतं. अर्जाला फी नाही.

सूट आहे, पण तुटपुंजी. जानेवारी ते मार्च अशा एका तिमाहीत ५ घनमीटर तोडता येतं, आणि त्यातलं विकता येतं फक्त २. लोक फसतात ते इथेच. जमिनीपासून १.३ मीटरवर टेप गुंडाळून घेर मोजा आणि त्यावरून व्यास काढा. व्यास ४० सेंटिमीटर आणि उंची २५ मीटर भरली, तर त्या एकाच स्प्रूसमध्ये सव्वा ते दीड घनमीटर लाकूड असतं. म्हणजे दोन झाडं विकली की मर्यादा ओलांडली! उरलेला कोटा पुढच्या तिमाहीत ढकलता येत नाही.

अर्जासोबत नकाशा, जातवार झाडं, अंदाजे घनफळ आणि पुनर्लागवडीची योजना द्या. सरसकट तोड असेल तर पुन्हा लावून ती रोपं साधारण १० वर्षं जगवण्याची अट येते. हरणांपासून राखण्याचा खर्च आधीच धरा. लायसन्स हातात येईपर्यंत करवत लावू नका, मागाहून ते मिळत नाही. लायसन्स असलं तरी पक्ष्यांची वापरातली घरटी असलेल्या झाडाला हात लावायचा नाही.